आधी दूध, मग नाच: मंगोलियाचे पांढरे पदार्थ, संगीत आणि बियेल्गी घरच्या घरी कसं शिकायचं

मंगोलियन नाच शिकायचाय असं कुणी म्हटलं की मी त्यांना सांगते, आधी दोन लिटर दूध आणा. अगदी मनापासून सांगतेय. पश्चिम मंगोलियात बियेल्गी नावाचा जो नाच आहे त्यात हाताच्या कितीतरी हालचाली रोजच्या कामाच्या आहेत, गाय पिळायची, दूध घुसळायचं, चहा ओतायचा, आणि ज्याने ही कामं एकदाही केली नाहीत त्याचा हात तिथे नुसता हवेत फिरतो. मी स्वतः आधी व्हिडिओ बघून हात फिरवायला गेले होते आणि काही केल्या जमेना, मग पदार्थ करायला घेतले आणि आठ दिवसांत मनगट आपोआप वळायला लागलं. म्हणून हा क्रम. पाचसहा दिवस हाताशी ठेवा, आणि शक्यतो फेब्रुवारी ते मे मधले ठेवा, का ते पुढे येईलच.

एक गोष्ट आधी समजून घेऊ. मंगोलियात दुधाच्या सगळ्या पदार्थांना मिळून त्सागान इदे म्हणतात, म्हणजे पांढरं अन्न. उन्हाळा पांढऱ्या अन्नाचा, हिवाळा मांसाचा, असं तिथल्या मेंढपाळांचं वर्ष चालतं. घोडा, उंट, गाय किंवा याक, मेंढी आणि बकरी अशी पाच जनावरं ते पाळतात आणि पाचही जनावरांचं दूध काढतात. तिथे दुधाचा वापर सुमारे पाच हजार वर्षं जुना आहे, जुन्या सांगाड्यांच्या दातांवरच्या थरात दुधाची प्रथिनं सापडलीत. गंमत म्हणजे बहुतेक मंगोलियन लोकांच्या शरीरात मोठेपणी न आंबवलेलं दूध नीट पचवण्याची सोय नसते, आणि तरी सगळं आयुष्य दुधावर, बरंचसं दूध ते आंबवतात, नासवतात, वाळवतात आणि मगच खातात.

पहिला दिवस, संध्याकाळ: चहा आणि साय

सुरुवात सूतेइ त्साइपासून करा, म्हणजे मिठाचा दूधचहा. तिथे विटेसारखा दाबलेला हिरवा चहा फोडून घेतात, आपल्याकडे तो सहजासहजी मिळत नाही, तर साधी ग्रीन टीची सुटी पानं घ्या, पण लिंबू, पुदिना, मध असलं काही घातलेली नकोत. अर्धा लिटर पाणी, एक मोठा चमचा पानं, चांगली पाचसात मिनिटं उकळू द्यायची, रंग उतरला की अर्धा लिटर दूध आणि अर्धा छोटा चमचा मीठ. आणि आता खरं काम. ओगराळं घ्या, भरून वर उचला, हातभर उंचीवरून परत पातेल्यात सोडा. पुन्हा. पुन्हा. निदान तीसचाळीस वेळा. घाई करू नका आणि खांदाही उचलू नका, हात कोपरापासून वर जातो आणि शेवटी मनगट अलगद वळतं, ते वळणं लक्षात ठेवा, नाचात ते जसंच्या तसं लागणार आहे.

गाळून वाटीत प्यायचा, कपात नाही. वर थोडं लोणी घातलं तरी चालतं, भाजलेले राळे टाकले तर पोटभरीचं होतं. पहिला घोट घेताना आपली जीभ साखर शोधते आणि मीठ लागतं, तेव्हा तो चहा आहे हे विसरून सूप समजा, तिसऱ्या घोटापासून आवडायला लागतो. काश्मिरी नून चाय प्यायलेल्यांना तेवढाही वेळ लागत नाही.

मंगोलियात चहाचा पहिला भाग घरातलं कुणी पीत नाही. घरची बाई बाहेर येऊन तो आकाशाला आणि चारी दिशांना शिंपडते, त्यासाठी त्सात्सल नावाचा लाकडी चमचा असतो, त्याच्या पुढच्या भागात नऊ छोट्या खळग्या कोरलेल्या असतात. आपण नैवेद्य दाखवतो, किंवा ताटाभोवती पाणी फिरवतो, त्याच जातीची गोष्ट. मला हे सगळ्यात जास्त भावतं.

त्याच संध्याकाळी उरुमही लावून टाका. उरुम म्हणजे साय, पण आपण रोज पातेल्यावरून चमच्याने काढतो तेवढी पातळ नव्हे, चांगली भाकरीएवढी जाड. इथे म्हशीचं दूधच घ्या, कारण याकचं दूध तसंच स्निग्ध असतं, आणि होमोजिनाइज्ड पिशवीचं दूध अजिबात नको, त्याला थर धरतच नाही, दूधवाल्याकडून आलेलं सुटं दूध उत्तम. पसरट कढई, दोन लिटर दूध, मंद गॅस. उकळी फुटण्याच्या बेतात आलं की गॅस अगदी बारीक करायचा आणि पुन्हा तेच, ओगराळ्याने उचलून उंचावरून सोडत राहायचं, वर भरपूर फेस येईपर्यंत. फेस आला की हात लावणं बंद. अर्धा तास तसंच बारीक आचेवर, मग गॅस बंद करून वर जाळी ठेवायची, पूर्ण झाकण नाही कारण वाफेचं पाणी सायीवर पडतं. तिकडे रात्रभर बाहेरच्या गारव्यात ठेवतात, आपण पूर्ण निवलं की कढई फ्रिजमध्ये. हलवायची नाही, धक्का लागला की थर फाटतो.

दुसरा दिवस: ब्यास्लाग, आणि वाळवण

सकाळी कढईच्या कडेने सुरी फिरवा, सायीखाली उलथनं घाला आणि अख्खी साय अर्ध्यावर दुमडून उचला, अर्धचंद्रासारखी येते. मंगोलियात ती अशीच दुमडून ताटात ठेवतात. ब्रेडवर घालून खा, हवी तर वरून साखर, मुलांना तर सांगायलाच लागत नाही.

आता खाली उरलेलं दूध टाकायचं नाही. तिथे कुठलंच दूध टाकत नाहीत, एका पदार्थाचं उरलेलं ते पुढच्या पदार्थाचं सुरुवातीचं. याच दुधाचं ब्यास्लाग करायचं. दूध तापवा, उकळी आली की एक वाटी आंबट ताक किंवा दही हळूहळू सोडा, फाटलं की मलमलच्या फडक्यात गाळा. इथपर्यंत आपलं पनीरच आहे, फरक पुढे. फडकं घट्ट गुंडाळून दोन पाटांच्या मध्ये ठेवा आणि वर वरवंटा किंवा भरलेला डबा, चारपाच तास. पनीर मऊ ठेवायचं असतं, ब्यास्लाग दाबून घट्ट करायचं असतं. मीठ घालत नाहीत. मग पातळ काप करून वाऱ्यावर सुकवायचे, कडा पिवळसर झाल्या की चहात बुडवून खायचे. शाकाहारी लोकांसाठी सांगते, यात वासराच्या पोटातलं रेनेट लागत नाही, आंबट दुधानेच काम होतं.

हेच फाटलेलं दूध न गाळता तसंच आटवत ठेवलं, निवळ पूर्ण जिरून दाणे तांबूस होईपर्यंत, की एझ्गी होते, गोडसर, खरवडीसारखी वास येणारी. वेळ असेल तर करा.

आणि आता आरुल, ज्याच्यासाठी पुढचे तीनचार दिवस राखून ठेवायला सांगितले. आरुल म्हणजे वाळवलेला आंबट चक्का, दगडासारखा टणक, मेंढपाळ खिशात टाकून दिवसभर चघळतात. तिकडे आंबवलेल्या दुधाची आधी दारू गाळून घेतात, शिमीन आर्खी, आणि भांड्यात जे उरतं त्याचं आरुल करतात. ती पायरी आपण वगळायची, महाराष्ट्रात घरी दारू गाळणं हा गुन्हा आहे आणि आरुलला त्याची गरजही नाही.

एक किलो दही दोन दिवस आधीपासूनच बाहेर ठेवून चांगलं आंबट करून घ्या. मंद आचेवर ढवळत तापवा, पाणी वेगळं दिसायला लागलं की बंद. श्रीखंडासाठी टांगतो तसं फडक्यात रात्रभर टांगा आणि दुसऱ्या दिवशी फडक्यातच पिळून पाटाखाली दाबा. आता दोन प्रकार. दोऱ्याने कापून चौकोनी वड्या करा, नाहीतर गोळा मुठीत धरून बोटांच्या फटीतून दाबून काढा, त्याला तिकडे किड्याच्या आकारावरून नाव आहे. मी शेवेच्या सोऱ्याला जाड चकती लावून काढते, झटपट होतं आणि सारखं वाळतं.

वाळवायचं कसं, तर कुरडया वाळवतो तसंच. तिकडे गेरच्या छपरावर, म्हणजे जाड नमद्याच्या गोल तंबूवर, फळ्या टाकून त्यावर आरुल पसरतात, आणि उन्हापेक्षा वारा महत्त्वाचा. आपण गच्चीवर चाळणीत किंवा जाळीवर ठेवायचं, खालूनही हवा लागली पाहिजे, वरून पातळ फडकं, दिवसातून दोनदा उलटायचं, रात्री आत. माझी पहिली खेप जुलैमध्ये केली होती, नाशकात, चार दिवस सलग ढग, आणि पाचव्या दिवशी सकाळी बघते तर प्रत्येक वडीच्या खालच्या बाजूला हिरवी बुरशी. दोन किलो दह्याचं होतं, सगळं टाकावं लागलं, फार वाईट वाटलं. तेव्हापासून पावसाळ्यात करत नाही आणि कोकणातल्या मैत्रिणींना सांगते की तुम्ही सरळ डिहायड्रेटर वापरा. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी खरवडून खाऊ नका, ती वडी गेली.

आइरागचं काय असं सगळे विचारतात. घोडीचं आंबवलेलं दूध. ते घरी होत नाही, आणि गाईच्या दुधाचं करून त्याला आइराग म्हणू नये. घोडीच्या दुधात साखर जास्त आणि केसीन हे प्रथिन कमी, त्यामुळे त्याचा दह्यासारखा थर लागतच नाही, ते पातळच राहून फसफसतं. उन्हाळ्यात घोडी दर दोनेक तासांनी पिळावी लागते कारण तिची कास लहान. ते दूध गार करून खोखूर नावाच्या गाईच्या कातड्याच्या मोठ्या पिशवीत विरजणासकट ओततात आणि लाकडी रवीने घुसळतात, शेकडो वेळा, आणि घरात शिरणारा पाहुणासुद्धा दोन हात घुसळूनच बसतो. या पद्धतीला 2019 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. आपण सरावासाठी आंबट ताक रवीने घुसळू, चव वेगळी पण हाताचं काम तेच.

तिसरा दिवस: कान

आरुल वाळतंय तोवर ऐकायला बसा. आणि ऐकायची सुरुवात मोरिन खूरपासून. दोन तारांचं वाद्य, डोक्यावर कोरलेलं घोड्याचं तोंड, खाली चौकोनी, वरून थोडी निमुळती पेटी. तारा पारंपरिक पद्धतीत घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या, जाड तार सुमारे 130 केसांची आणि बारीक सुमारे 105 केसांची. दोन तारांत चार सुरांचं अंतर, खालची सा धरली तर वरची मध्यम. डाव्या हाताची बोटं तार दाबत नाहीत, नखाच्या बाजूने नुसती स्पर्श करतात, म्हणून सूर किंचित थरथरतो. सारंगी ऐकलेल्या कानाला हा आवाज लगेच ओळखीचा वाटेल, सारंगीतही नखाच्या मुळाशी तार टेकवतात.

पहिल्यांदा ऐकताना धून शोधू नका, घोड्याची चाल शोधा. मांडीवर हाताने ताल धरा, संथ चाल, दुडकी, भरधाव, आणि वाजवणारा चाल कधी बदलतो ते पकडा. दुसऱ्यांदा ऐकताना गज कधी उलटतो ते ऐका. एवढं जमलं की पुष्कळ झालं.

मग उर्तीन दू, लांब गाणं. लांब म्हणजे कडवी जास्त असं नाही, एकेक अक्षरच लांब, चार मिनिटांच्या गाण्यात शब्द जेमतेम दहा असू शकतात. आपल्या आलापाची सवय असेल तर इथे मन रमेल, फक्त तबला नाही, ताल नाही, श्वास संपेपर्यंत स्वर आणि समोर मोकळं माळरान. नामजिलीन नोरोवबान्झाद या गायिकेचं (1931 ते 2002) गाणं मिळालं तर आधी तेच ऐका, दुंदगोवी प्रांतातली बाई, आवाज इतका मोकळा की हेडफोन लावून ऐकू नका, खोलीत मोठ्याने लावा.

खोमी, म्हणजे एकाच गळ्यातून दोन आवाज, हे करून बघायची सगळ्यांना घाई असते, म्हणून पायऱ्या सांगते. खालच्या पट्टीत एक सूर धरा, आरामात. तो सूर न हलवता 'ऊ' पासून 'ई' पर्यंत अगदी सावकाश जा, दहा सेकंद घेऊन. तोंडात मधेच एक शिट्टीसारखा बारीक सूर उमटतो, बाथरूममध्ये लवकर ऐकू येतो. आता जिभेचं टोक 'ळ' म्हणताना जातं तिथे टाळूला टेकवून तेच करा. हे खोमी नाही, खोमीत गळ्याचा दाब वेगळा असतो आणि तो गुरूसमोरच शिकावा, पण कान उघडायला एवढं पुरतं. दहा मिनिटांच्या वर नको, खवखवलं की लगेच थांबा. पश्चिमेला खोव्द प्रांतातलं चांदमान हे खोमीचं माहेर मानतात.

आता दूध आणि संगीत कुठे भेटतात ते सांगते, माझ्यासाठी या सगळ्याचा गाभा इथे आहे. गोबीच्या वाळवंटात उंटीण कधीकधी पिल्लू जवळ करत नाही, बाळंतपण अवघड गेलं म्हणून, किंवा पिल्लू दुसऱ्या मेलेल्या उंटिणीचं असतं म्हणून. मग पहाटे किंवा तिन्हीसांजेला तिला पिल्लाजवळ बांधतात, मोरिन खूर वाजवतात आणि एक बाई तिच्या अंगावरून हात फिरवत 'खूस, खूस' असा एकच शब्द घोळवत गाते, कितीतरी वेळ. उंटीण हळूहळू शांत होते, तिच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि ती पिल्लाला पाजायला लागते. मेंढीसाठी शब्द वेगळा, 'तोइग'. उंटिणीचा हा विधी 2015 मध्ये युनेस्कोने तातडीने जपायच्या यादीत घेतला, कारण मेंढपाळ शहराकडे चाललेत. आपल्याला वेगळं समजवायला नको, पान्हा हा शब्दच आपल्याकडे आहे. माझी आजी म्हशीच्या पाठीवर थोपटत काहीतरी पुटपुटायची आणि म्हणायची, गप उभे राहा रे, तिला पान्हवू दे. ती काय म्हणायची ते आम्ही कुणी लिहून ठेवलं नाही.

चौथा आणि पाचवा दिवस: बियेल्गी

जागा किती लागते, तर एक चटई. गेरच्या मधोमध चूल असते, भोवती माणसं, उड्या मारायला जागाच नाही, म्हणून नाच कमरेच्या वरच्या अंगात गेला. अर्धवट बसून किंवा मांडी घालून, खांदे, छाती, हात, मनगट. नाव पण बिये म्हणजे शरीर, यावरून. खोव्द आणि उव्स हे मुख्य प्रांत, बायाद, दोरव्होद, तोर्गूद, उरियांखाई, झाखचिन अशा जमातींची प्रत्येकाची वेगळी ढब. 2009 पासून हाही तातडीने जपायच्या यादीत आहे. साथीला इकेल खूर किंवा तोव्शूर, दोन्ही दोनतारी.

सुरुवात मांडी घालून करा, गुडघे दुखणाऱ्यांनी शेवटपर्यंत मांडीच ठेवावी, काही बिघडत नाही. पाठ ताठ. पहिली पंधरा मिनिटं फक्त खांदे: उजवा पुढे, डावा पुढे, आधी सावकाश मग भरभर, मान स्थिर राहिली पाहिजे, डोक्यावर पुस्तक ठेवून बघा. मग लाट: दोन्ही हात बाजूला पसरा, लाट खांद्यात उठते, कोपरातून मनगटात येते, बोटांतून बाहेर जाते. इथे बहुतेकांचं मनगटच आधी हलतं. तसं झालं की डोळे मिटा आणि ओगराळं आठवा, हात कोपरापासून वर, शेवटी मनगट.

मग कामं. दूध पिळणं: दोन्ही मुठी छातीसमोर, एक खाली ओढायची तेव्हा दुसरी वर, नवख्याची मूठ करंगळीकडून मिटत येते. गाय कधी पिळली असेल तर उलट लक्षात येईल, खऱ्या धारेला मूठ अंगठ्याकडून मिटते, तेव्हा तुम्हीही तशीच मिटवा, नाच कामाशी प्रामाणिक असावा असं माझं मत. घुसळणं: दोन्ही मुठी एकावर एक, उभ्या रेषेत वर खाली, खांद्यांची थरथर चालू ठेवून. ओतणं, वाटी पुढे करणं. आणि शेवटी लगाम धरून घोड्यावर बसणं, इथे कंबर हलते. प्रत्येक काम आठ मोजेपर्यंत आणि मधे लाट, असं जोडत गेलं की पाच मिनिटांचा नाच तयार.

बायाद लोक गुडघे बाहेर वाकवून त्यावर आइरागने भरलेल्या वाट्या तोलून नाचतात, दोरव्होद डोक्यावर आणि हातांवर तोलतात. हे पाचव्या दिवशी करा. स्टीलची बसकी वाटी घ्या, काचेची नको, आधी रिकामी, मग अर्धी पाण्याने, आणि आधी तळहातावर. अर्ध बैठकीत गुडघ्यावर वाटी ठेवायची तर भिंतीला पाठ टेकून सुरू करा, एका वेळी मिनिटभर, मांड्या भरून आल्या की उठा.

तिकडे जाणार असाल तर

नादाम, म्हणजे तिथला राष्ट्रीय उत्सव, 11 ते 13 जुलैला असतो, आइरागचा हंगामही साधारण तेव्हाच सुरू होतो, राजधानी उलानबातरमध्ये उन्हाळाभर लोकसंगीत आणि नाचाचे संध्याकाळचे कार्यक्रम असतात. खरी बियेल्गी बघायची तर विमानाने पश्चिमेला जावं लागतं. गेरमध्ये शिरताना उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, आत घड्याळाच्या दिशेने फिरायचं, चुलीकडे पाय करून बसायचं नाही. वाटी दोन्ही हातांनी घ्या, किंवा उजव्या हाताने घेऊन डावा हात उजव्या कोपराला लावा, बाही खाली ओढलेली असावी. प्यायचं नसेल तर नाही म्हणू नका, ओठाला लावून परत द्या. खोखूर कातड्याचं असतं हे ज्यांना चालत नाही त्यांनी तेवढं करावं, आणि चालतं त्यांनीही पहिल्या दिवशी आइराग एका वाटीवर थांबवावं, सवय नसलेल्या पोटाला ते लगेच हलकं करतं.

आरुल एव्हाना वाळलं असेल. तोडून बघा, मधे ओल दिसली तर अजून एक दिवस, नाहीतर कापडी पिशवीत भरून टांगून ठेवा, प्लास्टिकच्या डब्यात घाम सुटतो. चावायचं नाही, दात जाईल, गालात धरून चघळायचं. संध्याकाळी घरच्यांना खाली चटईवर बसवा, चहा करा, पहिला चमचा गॅलरीतून बाहेर शिंपडा, मोरिन खूर लावा, आणि वाटीत आता पाण्याऐवजी ताक घ्या. सांडलं तर पुसून पुन्हा भरा.